‘इंटरनॅशनल लायसन्स’ नावाची चीज जगात नाही

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांची मुलं, सुना, जावई परदेशात आहेत किंवा जे या सुट्टीत तिकडे जाऊन गाडी भाड्याने घ्यायचा बेत करतायत, त्यांनी वाचाच.

गेल्या महिन्यात आपल्याच तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरातून फोन आला. मुलगी, जावई, नातू आणि आजी असे चौघं जपानला गेले होते. साप्पोरोच्या विमानतळावर गाडी बुक केलेली, पुढचे पाच दिवस होक्काइदो फिरायचं ठरलेलं. काउंटरवरच्या मुलाने जावयाचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, कमरेत वाकून माफी मागितली आणि गाडी द्यायला नकार दिला. कार्ड कसलं? ऑनलाइन पाच-सहा हजार मोजून मागवलेलं, चकचकीत प्लॅस्टिकचं, वर पृथ्वीचा गोल, खाली ‘इंटरनॅशनल’ आणि मुदत चक्क दहा वर्षं. जावयाचं म्हणणं, ‘अहो, इंटरनॅशनल लिहिलंय की!’ गुडघे दुखणाऱ्या आजींना घेऊन पाच दिवस बस आणि रेल्वेने काढावे लागले. आगाऊ भरलेले पैसे गेले ते वेगळेच.

यात माझाही एक दोष कबूल करायचाय. काही वर्षांपूर्वी मीच एका बातमीत ठोकून दिलं होतं, की आपलं स्मार्ट कार्ड इंग्रजीत असल्यामुळे ते परदेशात ‘सगळीकडे’ चालतं. चुकीचं होतं ते. म्हणून या वेळी जरा मुळापासून खणलं, तर शंभर वर्षांहून जुनी गोष्ट हाती लागली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात मोटारी आल्या. हौशी श्रीमंत मंडळी गाडी काढून निघायची आणि चार तासांत दुसऱ्या देशाच्या सीमेवर अडकायची. प्रत्येक देशाचे नियम निराळे, परवाना निराळा, नंबरप्लेट निराळी. मग ११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिसमध्ये पहिला आंतरराष्ट्रीय मोटार करार झाला. गाडी आणि चालक दोघांचा मिळून एकच प्रवासी दाखला ठरला. त्याच करारात धोक्याच्या चार पाट्या ठरल्या : खाचखळगा, वळण, चौरस्ता आणि रेल्वे फाटक. आपल्या घाटात वळणाची पाटी दिसते ना, तिची पणजी ती. गाडी कुठल्या देशाची हे कळावं म्हणून मागे अक्षरं लावायची पद्धतही तेव्हाचीच. आज तुमच्या नव्या नंबरप्लेटवर डाव्या बाजूला निळ्या रंगात ‘आयएनडी’ छापलेलं असतं, ते याच घराण्यातलं.

१९२६ साली पुन्हा पॅरिसमध्येच बैठक होऊन गाडीचा दाखला आणि चालकाचं परमिट वेगळं झालं. मग दुसरं महायुद्ध. ते संपल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९ सप्टेंबर १९४९ रोजी जिनिव्हात रस्ते वाहतुकीचा नवा करार झाला. गाडी डावीकडून चालवायची की उजवीकडून, यावर जगाचं एकमत तेव्हाही झालं नाही. प्रत्येक देशाने आपापली एक बाजू सगळीकडे सारखी ठेवावी, एवढ्यावरच भागवलं. पण चालकाबाबत एक मोठी गोष्ट मान्य झाली. एका सदस्य देशाने परीक्षा घेऊन दिलेलं रीतसर परमिट असेल, तर दुसऱ्या सदस्य देशाने त्या माणसाची पुन्हा परीक्षा न घेता त्याला आपल्या रस्त्यावर गाडी चालवू द्यायची. मात्र तिथे नियम मोडले तर तो देश ही मुभा काढूनही घेऊ शकतो. भारताने १९६२ साली या करारावर शिक्कामोर्तब केलं.

आता हे परमिट दिसतं कसं? पासपोर्टपेक्षा थोडी मोठी, राखाडी कव्हरची कागदी पुस्तिका. आत वेगवेगळ्या भाषांत तोच तोच मजकूर, शेवटचं पान फ्रेंच. फोटो, सही आणि ए, बी, सी, डी, ई अशा वर्गांपुढे शिक्के. ए म्हणजे मोटरसायकल, बी म्हणजे आपली साधी कार. मुदत एकच वर्ष. थोडक्यात, हे स्वतंत्र लायसन्स नव्हेच. तुमच्या घरच्या लायसन्सचं सरकारी शिक्क्याचं भाषांतर आहे ते. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्या पुस्तिकेला किंमत शून्य. आणि ज्या देशाने लायसन्स दिलं, परमिटही त्याच देशाने अधिकार दिलेल्या कचेरीतून यायला हवं. दहा वर्षांचं प्लॅस्टिक कार्ड विकणारी वेबसाइट कुठल्या देशाच्या वतीने सही करते, हे विचारून बघा. अमेरिकेत तर ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने असल्या विक्रेत्यांपासून सावध राहा म्हणून लोकांना बजावलंय.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण ८ नोव्हेंबर १९६८ रोजी व्हिएन्नात आणखी एक करार झाला. जुन्याची जागा नव्याने घ्यावी असा बेत होता, पण सगळे देश काही नव्यात आले नाहीत. जर्मनी व्हिएन्नात गेला. जपान आणि अमेरिका जिनिव्हातच राहिले, आपणही जिनिव्हाचेच. म्हणून जगात आज एकाच नावाची, पण वेगवेगळ्या सालांची परमिटं फिरतायत. जपान फक्त १९४९ चं मानतो. गंमत बघा, जर्मन माणसाचं व्हिएन्नावालं परमिट जपानमध्ये चालत नाही, त्याला आपल्या लायसन्सचं जपानी भाषांतर करून घ्यावं लागतं. आणि आपल्या आरटीओतून निघालेली पुस्तिका तिथे चालते! साप्पोरोच्या त्या काउंटरवरचा मुलगा आपल्या जावयाच्या कार्डावर नेमकं तेच शोधत होता : १९४९ हे साल. ते नव्हतं. त्याने कायदा पाळला, बिचाऱ्याचा काही दोष नाही.

दोष थोडा आपल्या व्यवस्थेचाही होता. पूर्वी मुंबईत मोटारमालकांच्या जुन्या संघटनांकडूनही हे परमिट मिळायचं, नंतर लोक आरटीओकडे वळले. पण प्रत्येक राज्याची पुस्तिका वेगळी. कुठे आकार वेगळा, कुठे रंग, कुठे मजकूर. परदेशातल्या पोलिसाने ओळखावी कशी? त्यामुळे आपल्या लोकांना त्रास होतो, हे शेवटी केंद्रानेच मान्य केलं आणि ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने देशभर एकच नमुना ठरवला, त्यावर लायसन्सशी जोडलेला क्यूआर कोड आला. म्हणजे १९६२ ते २०२२. साठ वर्षं आपण करार पाळत होतो, पण ज्याला जसं सुचेल तसा. आधी अर्जासोबत व्हिसा आणि डॉक्टरचा दाखलाही मागायचे. काही देश व्हिसा देतातच मुळी विमानतळावर उतरल्यावर, मग आधी आणायचा कुठून? ती अट जानेवारी २०२१ मध्ये निघाली. परदेशात असताना परमिटची मुदत संपली तर तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करायची सोयही तेव्हाच झाली.

म्हणजे परमिट नसेल तर कुठेच गाडी मिळत नाही का? तसंही नाही. ब्रिटनमध्ये आपलं चालू लायसन्स पाहुण्याला साध्या कारसाठी बारा महिने चालतं. अमेरिकेत राज्याराज्यात वेगळं. कॅलिफोर्निया परमिट मागत नाही, पण भाड्याची गाडी देणारी कंपनी स्वतःची अट घालू शकते. चीन या करारातच नाही, तिथे पुस्तिका नेऊन उपयोग नाही. दुबईला पर्यटक म्हणून गेलात तर परमिट चालेल, पण नोकरीचा रेसिडेन्स व्हिसा लागला की तिथलंच लायसन्स काढावं लागतं. जपानमध्ये नोकरीला असलेल्या आपल्या पोरांनी एक लक्षात ठेवा. तिथे उतरल्यापासून एक वर्षच परमिटवर गाडी चालवता येते, आणि गणपतीला पंधरा दिवस घरी येऊन नवं परमिट काढून नेलं म्हणून वर्ष नव्याने सुरू होत नाही. त्यासाठी तीन महिने तरी जपानबाहेर राहावं लागतं.

थायलंडला जाणाऱ्या पोरांच्या टोळ्या हल्ली आपल्याकडे वाढल्यात, त्यांच्यासाठी खास. फुकेतला स्कूटर भाड्याने देणारा कागद बघतोच असं नाही. पैसे घेतो, चावी देतो. पण परमिटवर ए वर्गापुढे शिक्का नसेल आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. परदेशातल्या हॉस्पिटलचं बिल मग घरच्यांनी इथली जमीन विकून भरायचं का?

बाकी काढायला काही अवघड नाही. सारथी पोर्टलवर अर्ज, फॉर्म ४ए, लायसन्स, पासपोर्ट, फोटो, फी एक हजार रुपये, आणि आपल्या पत्त्याच्या आरटीओत जायचं. एजंटची गरज नाही. पुस्तिका हातात पडली की तिथेच उभं राहून तीन गोष्टी तपासा : नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का, वर्गापुढचे शिक्के बरोबर आहेत का, आणि कव्हरवर १९४९ च्या कराराचा उल्लेख आहे का. आणि हो, निघताना मूळ लायसन्सचं कार्ड घरच्या कपाटात ठेवून जाऊ नका. मोबाइलमधलं डिजिलॉकर आपल्या ट्रॅफिक हवालदाराला चालतं, साप्पोरोच्या काउंटरवर नाही.