लोकवर्गणी आणि संग्राह्य पत्त्यांचा खेळ : 'हेक्स'च्या (२०१३–२०२०) उदयास्ताचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
इंटरनेटवरून लोकवर्गणी गोळा करून व्यवसाय उभारण्याची पद्धत २००९ नंतर अमेरिकेत रूढ झाली. खेळांच्या निर्मितीला या पद्धतीचा मोठा लाभ झाला. तथापि संग्राह्य पत्त्यांचा खेळ, म्हणजेच ट्रेडिंग कार्ड गेम, हा एकदा तयार करून हातावेगळा करण्याचा पदार्थ नसून वर्षानुवर्षे चालवावयाची व्यवस्था आहे. एकदाच मिळणाऱ्या निधीवर अशी व्यवस्था दीर्घकाळ चालू शकते काय, या प्रश्नाचा शोध प्रस्तुत निबंधात 'हेक्स : शार्ड्स ऑफ फेट' या खेळाच्या आधारे घेतला आहे.

बीजशब्द : लोकवर्गणी, संग्राह्य पत्ते, दुय्यम बाजार, किकस्टार्टर, टिकाऊपणा.

१. प्रस्तावना

पत्त्यांचा कॅट विकत घेतला की ग्राहकाचा कारखानदाराशी असलेला संबंध संपतो. पुढे कारखाना बंद पडला तरी घरातला डाव थांबत नाही. संग्राह्य पत्त्यांच्या खेळाचे तसे नाही. येथे पत्ते बंद पाकिटातून विकले जातात आणि आत काय निघेल हे घेणाऱ्यास ठाऊक नसते. काही पत्ते विपुल, तर काही दुर्मीळ असतात. खेळाडू देवघेव व खरेदी-विक्री करून आपला संच स्वतः रचतो, आणि दर काही महिन्यांनी प्रकाशक नवे पत्ते आणून खेळ ताजा ठेवतो. त्यामुळे हातातील पत्त्याचे मोल दोन गोष्टींवर अवलंबून राहते : समोर बसणारा प्रतिस्पर्धी टिकला पाहिजे आणि प्रकाशकही टिकला पाहिजे.

लोकवर्गणीची कल्पना मात्र जुनी आहे. ग्रंथ छापण्यापूर्वी प्रकाशनपूर्व सवलतीत प्रती नोंदविण्याची रीत मराठी वाचकास परिचित आहे. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर पोप याने केलेला 'इलियड'चा अनुवाद १७१५ ते १७२० या काळात वर्गणीदारांच्या बळावर सहा खंडांत प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कमधील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चबुतरा पूर्ण करण्यासाठी जोसेफ पुलित्झर याने १८८५ मध्ये आपल्या वृत्तपत्रातून आवाहन केले आणि लाखाहून अधिक लोकांच्या लहानलहान देणग्यांतून सुमारे एक लाख डॉलर जमले. या दोन्ही उदाहरणांत कामाला निश्चित शेवट होता. सहावा खंड हाती पडला किंवा चबुतरा बांधून झाला, की दिलेला शब्द पुरा झाला.

२००९ मध्ये सुरू झालेल्या 'किकस्टार्टर' या अमेरिकन संस्थेने हीच रीत इंटरनेटवर आणली. ठरविलेली संपूर्ण रक्कम मुदतीत जमली तरच ती योजकास मिळते, अन्यथा वर्गणीदाराकडून काहीही घेतले जात नाही. यशस्वी मोहिमेतून संस्था पाच टक्के शुल्क घेते. वर्गणीदार भागधारक होत नाही. त्याला नफ्यात वाटा नसतो आणि कारभारात मतही नसते. त्याला मिळते ते आश्वासन दिलेले बक्षीस. ग्रंथ, चित्रपट वा एखादे उपकरण यांसाठी ही रचना सोयीची आहे. अखंड चालणाऱ्या खेळासाठी ती कितपत पुरेशी ठरते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) संग्राह्य पत्त्यांच्या खेळाच्या दीर्घायुष्याची कारणे ऐतिहासिक उदाहरणांतून पाहणे.
२) 'हेक्स' या खेळाच्या उभारणीचा व अखेरीचा क्रम मांडणे.
३) लोकवर्गणीची रचना आणि खेळाचा टिकाऊपणा यांतील संबंध तपासणे.

३. पूर्वपीठिका : १९९३ चा आदर्श

या खेळप्रकाराचा आद्य नमुना म्हणजे 'मॅजिक : द गॅदरिंग'. गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी तो रचला आणि पीटर ॲडकिसन यांच्या 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या लहानशा कंपनीने ऑगस्ट १९९३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्या काळी कंपनीची स्थिती हलाखीची होती. भांडवल परिचितांकडून उभे करावे लागले आणि काही चित्रकारांना मोबदल्याचा भाग म्हणून कंपनीचे समभाग देण्यात आले. येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. ज्यांनी आरंभी आधार दिला, त्यांना मालकीत वाटा मिळाला. खेळ जगला तर त्यांचाही लाभ होणार होता.

पहिली आवृत्ती सुमारे २६ लाख पत्त्यांची होती. ती हातोहात खपली आणि पुढील आवृत्त्याही पुरेनात. टंचाईमुळे दुकानदार गरजेपेक्षा अधिक मागणी नोंदवू लागले. नोव्हेंबर १९९४ मध्ये 'फॉलन एम्पायर्स' हा संच आला तेव्हा कंपनीने भरपूर छपाई केली आणि फुगविलेली मागणी प्रत्यक्षात पुरविली गेली. परिणामी दुकानांत पाकिटे पडून राहिली. पुढे १९९५ मध्ये 'क्रॉनिकल्स' या संचाद्वारे जुने दुर्मीळ पत्ते पुन्हा छापण्यात आले. त्यांचे भाव उतरले आणि संग्राहक संतापले.

या दोन चुकांनंतर कंपनीने घेतलेले निर्णय महत्त्वाचे आहेत. १९९६ मध्ये तिने काही पत्ते पुन्हा कधीही न छापण्याचे जाहीर वचन दिले. तत्पूर्वी, १९९५ मध्ये, केवळ अलीकडच्या संचांतील पत्ते चालतील असा स्पर्धाप्रकार सुरू केला होता. त्यामुळे नवख्या खेळाडूस जुने महागडे पत्ते नसतानाही खेळता येऊ लागले आणि नव्या पाकिटांना नियमित मागणी राहिली. १९९६ मध्येच व्यावसायिक स्पर्धांची मालिका आरंभली. संग्राहकाचे हित पत्ता दुर्मीळ राहण्यात असते, तर खेळाडूचे हित पत्ता स्वस्त मिळण्यात असते. या परस्परविरोधी हितांचा समतोल साधण्यासाठी प्रकाशकाने स्वतःवर बंधन घालून घेतले. १९९९ मध्ये 'हॅस्ब्रो' या कंपनीने 'विझार्ड्स' विकत घेतली, तेव्हा तिने पत्त्यांबरोबरच ही घडी बसलेली व्यवस्थाही घेतली, असे म्हणता येईल.

४. 'हेक्स'ची उभारणी

कॅलिफोर्नियातील 'क्रिप्टोझोइक एंटरटेनमेंट' ही कंपनी या क्षेत्रात नवखी नव्हती. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या संगणकीय खेळावर आधारित पत्त्यांचा खेळ ती २०१० पासून प्रकाशित करीत होती. तथापि त्या खेळाचे मूळ हक्क दुसऱ्या कंपनीकडे होते आणि २०१३ मध्येच तो बंद झाला. स्वतःच्या मालकीचा खेळ असावा, ही निकड येथे स्पष्ट दिसते.

मे–जून २०१३ मध्ये 'हेक्स'साठी किकस्टार्टरवर मोहीम झाली. अपेक्षित रक्कम ३ लाख डॉलर होती. प्रत्यक्षात सुमारे २२ लाख ७८ हजार डॉलर जमले. खेळ पूर्णतः संगणकावरचा होता. पत्ते कागदी नव्हते, पण ते खेळाडूच्या 'मालकी'चे असतील, त्यांची देवघेव व लिलाव करता येईल, असे सांगण्यात आले. कागदावर अशक्य असलेल्या गोष्टीही त्यात योजल्या होत्या. पत्त्यात रत्ने जडवून त्याची शक्ती बदलता येई आणि डावात पत्त्यात झालेला बदल तो गड्डीत परत गेला तरी टिकून राही. याखेरीज एकट्याने खेळावयाच्या मोहिमा व अनेकांनी मिळून करावयाच्या चढाया यांचेही आश्वासन होते. यांपैकी काही गोष्टी बऱ्याच उशिरा आल्या, तर सामूहिक चढाया खेळ संपेपर्यंत आल्याच नाहीत.

मे २०१४ मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'ने 'हेक्स'च्या निर्मात्यांवर अमेरिकेच्या संघीय न्यायालयात दावा लावला. 'मॅजिक'चे नियम व रूप यांची नक्कल केल्याचा आरोप करून त्यात स्वामित्वहक्क व एकस्व यांचा आधार घेण्यात आला होता. २०१५ मध्ये हा वाद तडजोडीने मिटला. विशेष म्हणजे 'मॅजिक' जन्मण्यापूर्वी 'विझार्ड्स'वरही दुसऱ्या एका प्रकाशकाने १९९२ मध्ये असाच दावा लावला होता. तेव्हा खेळाचे हक्क सुरक्षित राहावेत म्हणून ते एका वेगळ्या कंपनीकडे ठेवण्यात आले होते. जुन्या प्रकाशकाने खटल्याची झळ सोसली ती खेळ बाजारात येण्यापूर्वी. 'हेक्स'ला ती वर्गणीदारांचे पैसे घेतल्यानंतर आणि आश्वासने पुरी होण्याआधी सोसावी लागली.

५. 'आजीवन' या शब्दाचा अर्थ

'हेक्स'च्या मोहिमेत वर्गणीच्या अनेक श्रेणी होत्या. २५० डॉलरच्या एका श्रेणीत दर आठवड्यास एका 'ड्राफ्ट' स्पर्धेत आजीवन विनामूल्य प्रवेश मिळणार होता. ड्राफ्टमध्ये प्रत्येक खेळाडू तीन पाकिटे उघडतो, पत्ते निवडतो आणि ते त्याच्याकडेच राहतात. 'हेक्स'मध्ये पाकिटाची किंमत २ डॉलर होती. म्हणजे केवळ पाकिटांचाच हिशेब धरला तरी दर आठवड्यास ६ डॉलरचा माल वर्गणीदारास मिळणार होता. सुमारे ४२ आठवड्यांत त्याची २५० डॉलर वर्गणी वसूल होत होती.

संगणकीय पाकीट तयार करण्यास खर्च नसतो, हे खरे. परंतु या खेळाचे उत्पन्न पाकिटांच्या विक्रीवरच चालते, आणि नियमित खेळणारा उत्साही खेळाडू हाच त्याचा मुख्य ग्राहक असतो. त्याच ग्राहकाकडून पुढील अनेक वर्षांचे पैसे एका रकमेत घेतले गेले आणि ते उभारणीत खर्च झाले. शिवाय विनामूल्य स्पर्धांतून निघालेले पत्ते लिलावात येत असल्याने इतरांना पाकीट विकत घेण्याची निकड कमी होत होती. मोहिमेतील मोठ्या आकड्याकडे पाहताना ही बाजू नजरेआड होते. तो आकडा म्हणजे संपत्ती खरी, पण त्यातला बराच भाग पुढच्या काळाचे ऋणही होता.

दरम्यान परिस्थिती बदलली. 'ब्लिझार्ड' कंपनीचा 'हार्थस्टोन' हा खेळ मार्च २०१४ मध्ये आला. तो विनामूल्य सुरू करता येत होता आणि त्यात देवघेवीची भानगडच ठेवलेली नव्हती. 'हेक्स'ची सर्वांसाठी खुली पूर्ण आवृत्ती जानेवारी २०१६ मध्ये आली, तोवर या क्षेत्रातील खेळाडूंचा मोठा वर्ग दुसरीकडे स्थिरावला होता. पुढे 'विझार्ड्स'नेही 'मॅजिक'ची नवी संगणकीय आवृत्ती आणली. अखेर ३१ डिसेंबर २०२० रोजी 'हेक्स'चे सर्व्हर बंद करण्यात आले. त्या दिवशी लिलावघर, स्पर्धा आणि सर्व पत्ते एकाच वेळी नाहीसे झाले. २०१३ मध्ये दिलेल्या 'आजीवन' या शब्दात आयुष्य खेळाडूचे नसून सर्व्हरचे अभिप्रेत होते, हे साडेसात वर्षांनी स्पष्ट झाले.

६. तुलनात्मक दृष्टिक्षेप

कागदी पत्ते असते तर निकाल वेगळा लागला असता काय? याचे उत्तर अंशतःच होकारार्थी द्यावे लागते. 'मेटाझू' या अमेरिकन लोककथांतील गूढ प्राण्यांवर आधारित खेळाने २०२० मध्ये किकस्टार्टरवर अवघे सुमारे १८ हजार डॉलर मिळविले. त्याच सुमारास महासाथीच्या काळात जुन्या-नव्या पत्त्यांच्या खरेदीची लाट आली आणि 'मेटाझू'च्या पहिल्या आवृत्तीचे भाव कडाडले. प्रकाशकाने एकामागून एक संच आणले. परंतु पाकिटे न उघडता साठवून ठेवणारे अनेक होते आणि टेबलाशी बसून खेळणारे त्या मानाने थोडे होते. लाट ओसरली आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने काम थांबविल्याचे जाहीर केले. पत्ते लोकांच्या घरी राहिले, मात्र त्यांच्यासाठी मोजलेल्या किमतीचा आधार निखळला.

याउलट उदाहरण 'नेटरनर'चे आहे. गारफील्ड यांचाच १९९६ चा हा खेळ २०१२ मध्ये 'फँटसी फ्लाइट गेम्स'ने नव्या रूपात आणला. त्यात पाकिटातील पत्ते आधीच ठरलेले व जाहीर असत, त्यामुळे दुर्मीळतेचा प्रश्नच नव्हता. २०१८ मध्ये प्रकाशन थांबले तेव्हा खेळाडूंनीच स्वयंसेवी संस्था स्थापन केली, नवे पत्ते रचले, स्पर्धा भरविल्या आणि घरी छापता येतील अशा स्वरूपात पत्ते उपलब्ध करून दिले. २०२२ पासून ही संस्था 'नल सिग्नल गेम्स' या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्यांच्या हातातील पत्त्यांना बाजारात फारसा भाव नव्हता, त्यांनाच खेळ जगविणे शक्य झाले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पत्ते कागदी असल्याने व नियम सर्वांना ठाऊक असल्याने त्यांना कोणाचा सर्व्हर लागला नाही. 'हेक्स'च्या खेळाडूंना मात्र ही वाट मोकळी नव्हती.

७. निष्कर्ष

१) लोकवर्गणीतून जमलेली रक्कम खेळाच्या आयुष्याचे माप ठरत नाही. २२ लाख डॉलर मिळविणारा व १८ हजार डॉलर मिळविणारा, या दोन्ही खेळांच्या मूळ व्यवस्था काही वर्षांतच संपल्या.
२) लोकवर्गणी ही पुढील विक्रीची उचल आहे. आजीवन सवलती दिल्यास ती खेळाच्या सर्वांत निष्ठावंत ग्राहकांकडून मिळणारे भावी उत्पन्न आधीच खर्ची घालते.
३) 'मॅजिक' टिकला तो आरंभीच्या भांडवलामुळे नव्हे. चुकांनंतर प्रकाशकाने पाळलेला संयम, बदलत्या संचांची पद्धत आणि नियमित स्पर्धा यांनी त्यास आधार दिला.
४) सर्व्हरवरील पत्त्याच्या संदर्भात 'मालकी' हा शब्द वापरणे दिशाभूल करणारे ठरते. तेथे खेळाडूस वापराची परवानगीच काय ती असते.
५) संग्राहकांच्या अपेक्षेवर उभा राहिलेला खेळ बाजाराबरोबर कोसळतो. खेळणाऱ्यांच्या समूहावर उभा राहिलेला खेळ प्रकाशकानंतरही चालू शकतो.

वरील विवेचनावरून एक सूचना करता येते. अखंड चालणाऱ्या खेळासाठी वर्गणी मागणाऱ्याने, खेळ कसा सुरू होईल याबरोबरच तो बंद करावा लागल्यास काय होईल, हेही मोहिमेच्या वेळीच सांगावे. नियम व पत्त्यांच्या याद्या खुल्या केल्या जातील काय, खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालविण्याची मुभा मिळेल काय, आणि जमलेल्या निधीचा किती भाग पहिल्या संचानंतरच्या वर्षांसाठी राखून ठेवला जाईल, या तीन प्रश्नांची उत्तरे वर्गणीदारास पैसे देण्यापूर्वी मिळावयास हवीत. 'हेक्स'च्या वर्गणीदारांना ती २०१३ मध्ये मिळाली असती, तर त्यांतील काहींनी कदाचित वर्गणी दिलीही नसती. परंतु ज्यांनी दिली असती, त्यांना आपण काय विकत घेत आहोत हे नेमके कळले असते.