धनी नसलेले काम

तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटात पहाटे ट्रक रिता होताना पाहिला की आम्हांस एक प्रश्न पडतो: पाठीवर गोणी घेणाऱ्या माथाड्याचा धनी कोण? आता तो या गाळ्याचे काम करतो, तासाभराने पलीकडच्या. राबवून घेणारे अनेक, जबाबदार कोणीच नाही, ही त्याची मूळ अवस्था. हे बाजार नवी मुंबईत हलण्यापूर्वीच, मुंबईच्या जुन्या घाऊक पेठांत, अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांची संघटना बांधली. त्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला.

या कायद्याने एक धनी शोधण्याऐवजी धनीपण वाटून दिले. व्यापारी व कामगार यांचे समसमान प्रतिनिधी, शिवाय सरकारचे, असे मंडळ नेमले. मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा यांची तजवीज त्यातून होते. कामही टोळीचे, एक गडी आजारी पडला म्हणून ट्रक अडत नाही.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची स्थिती १९६९पूर्वीच्या माथाड्यासारखीच आहे. त्याची संहिता कोणीही फुकट वापरावी. तिची निगा मात्र कोणीतरी एकट्याने राखावी. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त राखणाऱ्या 'ओपनएसएसएल'मध्ये २०१४ साली 'हार्टब्लीड' हा दोष सापडला, तेव्हा कळले की असंख्य संकेतस्थळांचा हा भार मूठभर माणसे पेलत होती. मग मोठ्या कंपन्यांनी पैसे काढले. पण ती वर्गणी होती, लेव्ही नव्हे.

फाइली आवळून लहान करणारे 'एक्सझेड' लासे कॉलिन बिनपगारी, जवळजवळ एकटेच सांभाळीत होते. बदल लवकर येत नाहीत म्हणून तगादा सुरू झाला. 'जिया तान' या नावाने कोणी मदतीस आले, विश्वास मिळवून सहदेखभालीचे अधिकारही मिळवले आणि २०२४च्या आरंभी त्यात चोरवाट पेरली. मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना संगणकात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून ती उघडकीस आली.

ओझे वाटून घ्या, एवढे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. थकलेल्या माणसाने अनोळखी हाती किल्ली देणे ही वाटणी नव्हे. माथाडी व्यवस्थाही निर्दोष नाही: लेव्ही चुकवणारे आहेत, माथाडीच्या नावावर खंडणी उकळणाऱ्या बनावट टोळ्याही आहेत. पण तिथे टोळीची नोंद असते, आणि ज्याचा माल उतरतो त्याच्यावर कायद्याने देणे लागू होते. सॉफ्टवेअरच्या बाजारात या दोन्ही गोष्टी अजून वापरणाऱ्याच्या मर्जीवर आहेत.