परिचारिका आणि लस : नैतिक कर्तव्याचा विचार

रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकेने स्वतः लस टोचून घेणे हे तिचे नैतिक कर्तव्य आहे काय, हा प्रश्न कोविडच्या साथीत ठिकठिकाणी विचारला गेला. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणास प्रारंभ झाला, तेव्हा आरोग्यसेवकांना अग्रक्रम देण्यात आला. बहुतेकांनी लस घेतली; काहींच्या मनात मात्र शंका राहिली. आपल्या कुटुंबांतील अनेक मुली व धर्मभगिनी या पेशात असल्यामुळे या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रश्न कोणाचा?

कुडाळ तालुक्यातील वालावलसारख्या कर्ली नदीकाठच्या गावाचा विचार करू. मुले मुंबईस, घरी वृद्ध आईवडील, अशी स्थिती कोकणात सर्वत्र आढळते. अशा घरी रक्तदाब तपासणारी, तान्ह्या बाळास लस देणारी, बाळंतिणीची विचारपूस करणारी नर्सबाई एका घरातून दुसऱ्या घरी जात असते. रुग्णाला परिचारिका निवडता येत नाही आणि तिला दूरही ठेवता येत नाही. या असहायतेतूनच परिचारिकेचे कर्तव्य सामान्य नागरिकाहून अधिक जड होते.

सर्व लसी सारख्या नाहीत

कर्तव्याचे वजन रोग व लस यांच्या स्वरूपावर अवलंबून असते. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. हा रोग गोचिडीमुळे होतो. तो माणसाकडून माणसाकडे पसरत नाही. तेव्हा त्यावरील लस केवळ घेणाऱ्याचे रक्षण करणारी होती. पुढे तिची परिणामकारकता अपुरी ठरली व तिचा वापर थांबला. जी लस पुरेसे रक्षण करीत नाही, ती घेण्याचे कर्तव्यही उरत नाही.

काविळीच्या ‘ब’ प्रकाराचा विषाणू रक्तातून पसरतो. रुग्णास टोचलेली सुई चुकून परिचारिकेला लागली तर तिला संसर्ग होऊ शकतो. सहा महिन्यांत तीन मात्रांत दिली जाणारी लस मुख्यत्वे तिचेच रक्षण करते.

गोवर, रुबेला व इन्फ्लुएन्झा यांची गोष्ट वेगळी आहे. गरोदरपणाच्या आरंभी मातेला रुबेला झाल्यास गर्भातील बाळाला गंभीर व्यंग येऊ शकते. प्रसूतिकक्षातील परिचारिकेने योग्य वेळी लस घेतलेली असणे हे म्हणूनच परक्याच्या बाळाचे रक्षण ठरते. कोविडची लस संसर्ग पूर्णपणे रोखत नाही आणि तिचे रक्षण कालांतराने घटते; तथापि तिने गंभीर आजार व मृत्यू मोठ्या प्रमाणात टाळले, हे मान्य केले पाहिजे.

ख्रिस्तसभेची शिकवण

काही लसींच्या निर्मितीत अनेक दशकांपूर्वी गर्भपात झालेल्या भ्रूणापासून तयार केलेल्या पेशींचा उपयोग होतो, हे अनेक श्रद्धावंतांच्या अस्वस्थतेचे कारण आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या कोविशिल्डसाठी मानवी भ्रूणापासूनच्या पेशीमालिकेचा, तर कोव्हॅक्सिनसाठी माकडाच्या मूत्रपिंडापासूनच्या पेशींचा वापर झाला.

व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने २१ डिसेंबर २०२० रोजी याबाबत मार्गदर्शन केले. नैतिकदृष्ट्या निर्दोष लस उपलब्ध नसेल तर अशी लस घेण्यास हरकत नाही. ती घेणे म्हणजे गर्भपातास मान्यता देणे नव्हे, असे मंडळाने स्पष्ट केले. लसीकरण सर्वसाधारणपणे नैतिक सक्ती नसून ते ऐच्छिक असावे, हेही त्यात नमूद आहे. मात्र सदसद्विवेकबुद्धीला स्मरून अशा पेशींमुळे लस नाकारणाऱ्याने आपल्याकडून दुर्बलांना संसर्ग होऊ नये म्हणून अन्य सर्व उपाय योजले पाहिजेत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये लस घेणे ही प्रेमाची कृती असल्याचे सांगितले होते.

कायदा आणि विवेक

सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात, कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला. त्याच वेळी सार्वजनिक आरोग्यासाठी शासन वाजवी मर्यादा घालू शकते, हेही मान्य केले. परंतु कायद्याने सक्ती नाही म्हणून नैतिक जबाबदारीही नाही, असे होत नाही. आजारी शेजाऱ्याला पाणी देण्याची सक्तीही कायदा करीत नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात याचे दाखले आहेत. १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने निवर्तल्या. आजच्या परिचारिकेला मात्र अनेक रोगांविरुद्ध संरक्षण उपलब्ध आहे.

निष्कर्ष

रोग परिचारिकेकडून रुग्णाकडे जाण्याचा संभव असेल, लस सुरक्षित व परिणामकारक सिद्ध झालेली असेल आणि वैद्यकीय अडचण नसेल, तर ती घेणे हे परिचारिकेचे नैतिक कर्तव्य आहे, असे आमचे मत आहे. तीव्र ॲलर्जी किंवा गरोदरपणी वर्ज्य असलेली लस, अशा प्रसंगी हे कर्तव्य लागू होत नाही. तेव्हा मास्क, हातांची स्वच्छता व कामाच्या जागेतील बदल हे मार्ग आहेत.

कर्तव्य एकतर्फी नसते. रुग्णालयाने लस विनामूल्य द्यावी, शंकांना दरडावून नव्हे तर माहिती देऊन उत्तर द्यावे आणि लसीनंतर ताप आल्यास पगारी रजा द्यावी. आपल्या धर्मग्रामातील परिचारिकेच्या मनात भीती असेल तर तिला दोष न देता प्रथम तिचे ऐकून घ्यावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.