उन्या दे गातो

(कुल : रुबिएसी, म्हणजे कदंब कुल). मध्य व दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांत वाढणारी काटेरी महालता. शास्त्रीय नाव युंकारिया टोमेंटोसा. पेरूच्या ॲमेझॉन भागात तिच्या सालीचा काढा सांधेदुखी, जखमा व पोटाच्या तक्रारींवर पिढ्यान्‌पिढ्या घेतला जातो. 1990 च्या दशकापासून ही साल चूर्ण, कॅप्सूल आणि अर्क या रूपांत जगभर विकली जाऊ लागली. सांधेदुखीवरच्या वर्षावनी औषधांपैकी माणसांवर रीतसर चाचण्या झालेली ही बहुधा सर्वांत परिचित वनस्पती. या चाचण्या मोजक्या आणि लहान आहेत, हे मात्र बाटलीवरच्या चिठ्ठीत सहसा वाचायला मिळत नाही.

वेल मोठ्या झाडांच्या आधाराने 20 ते 30 मी. उंच चढते. जुने खोड चांगले जाडजूड होते. पाने समोरासमोर असून त्यांच्या बगलेत खाली वाकलेले काटे जोडीने येतात. या काट्यांनीच ती आधाराला धरून वर जाते आणि मांजराच्या नखीवरून पडलेले स्पॅनिश नावही त्यांचेच. फुलोरा पिवळसर व गोल असतो. कदंबाचा चेंडू ज्याने पाहिला आहे त्याला तो लगेच ओळखू येईल, फक्त आकाराने बराच लहान. कदंबाप्रमाणेच कॉफी, मंजिष्ठ आणि हिवतापावरचे क्विनीन देणारा सिंकोना हेही याच कुलातले. युंकारिया प्रजातीतील बहुतेक जाती आशिया खंडात आढळतात, दक्षिण अमेरिकेत फक्त दोन. आशियाई जातींपैकी युंकारिया गँबिर इंडोनेशियात लावली जाते व तिच्यापासून काढलेला गँबिर कात भारतातही पान-मसाल्यासाठी येतो.

दुसरी अमेरिकन जात युंकारिया गायनेन्सिस. तिचे काटे एडक्याच्या शिंगासारखे जास्त वळलेले, तर टोमेंटोसाचे जेमतेम वाकलेले असतात. गायनेन्सिसची अंतर्साल तांबूस, टोमेंटोसाची पिवळसर. बाजारात मात्र दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात. साल वाळवून तिचे तुकडे किंवा भुकटी केल्यावर गिऱ्हाइकालाच काय, पुष्कळदा व्यापाऱ्यालाही फरक कळत नाही. घोळ इथेच संपत नाही. मेक्सिको व अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात याच नावाने ओळखले जाणारे एक झुडूप बाभळीच्या गणगोतातले आहे आणि त्यात सायनाइड मुक्त करणारे घटक असतात. आपल्याकडे बागेच्या कुंपणावर पिवळी फुले मिरवणारी ‘कॅट्स क्लॉ’ वेल टेटूच्या कुलातली आहे, तिचा या औषधाशी काहीही संबंध नाही. मराठीत ज्याला वाघनखी म्हणतात ते झुडूपही वेगळेच.

या वेलीच्या औषधी वापराची सर्वांत तपशीलवार नोंद अशानिंका लोकांकडून मिळाली. पेरूच्या ॲमेझॉन भागातील हा सर्वांत मोठा आदिवासी समाज. मध्य पेरूत अँडीजच्या पूर्व उतारावरून खाली येणाऱ्या नद्यांकाठी त्याची वस्ती आहे. ऑस्ट्रियाचे क्लाउस केप्लिंगर यांनी 1970 च्या दशकापासून या लोकांकडून माहिती घेऊन संशोधन केले. त्यातून वेगळ्या काढलेल्या अल्कलॉइडांवर 1989 व 1990 मध्ये अमेरिकेत एकस्वे मिळाली आणि ऑस्ट्रियात या वेलीच्या प्रमाणित अर्काचे औषध तयार झाले. केप्लिंगर यांची मांडणी अशी : एकाच जातीच्या वेली रासायनिकदृष्ट्या दोन प्रकारच्या असतात. एकीत पंचवलयी ऑक्सिंडोल अल्कलॉइडे (टेरोपोडीन, मिट्राफिलीन इ.), तर दुसरीत चतुर्वलयी (रिंकोफिलीन इ.) जास्त असतात. पहिली प्रतिकारशक्तीचे नियमन करतात, दुसरी त्या कामात अडथळा आणतात. अशानिंका वैदू-पुरोहित नेमकी हवी ती वेल निवडतात, असेही त्यांनी नोंदवले. या दोन प्रकारच्या वेली नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या ओळखता येत नाहीत, हे लक्षात घेतले तर त्या ज्ञानाची किंमत कळते. पेरूने आदिवासींच्या सामूहिक ज्ञानाला संरक्षण देणारा कायदा केला तो 2002 मध्ये, म्हणजे या एकस्वांनंतर दहा वर्षांहूनही अधिक काळाने.

ऑस्ट्रियन मांडणीवरच आधारलेली चाचणी इन्सब्रुक येथे झाली व 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. आमवाताचे (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) 40 रुग्ण तीत होते आणि त्यांची सल्फासॅलॅझीन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही औषधे चालूच होती. काहींना चतुर्वलयी अल्कलॉइडे वगळलेला अर्क, काहींना औषध नसलेली हुबेहूब कॅप्सूल असे 24 आठवडे दिले. दुखऱ्या सांध्यांची संख्या अर्क घेणाऱ्यांत 53.2 टक्क्यांनी घटली आणि बिनऔषधी गटात 24.1 टक्क्यांनी. फरक खरा, पण सांख्यिकीच्या कसोटीवर काठावर उतरलेला. त्यातही हा अर्क नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिला होता, त्यांच्याऐवजी नव्हे.

झिजेच्या संधिवातावर पेरूमध्ये झालेली चाचणी 2001 ची. गुडघ्याच्या 45 रुग्णांपैकी 30 जणांना युंकारिया गायनेन्सिसचा अर्क आणि 15 जणांना बिनऔषधी कॅप्सूल चार आठवडे दिली. चालता-फिरतानाचे दुखणे पहिल्या आठवड्यातच कमी झाले. बसल्या जागीचे किंवा रात्रीचे दुखणे मात्र कमी झाले नाही आणि गुडघ्याचा घेरही तसाच राहिला. ज्याला झोपेत गुडघा छळतो त्याने या निकालाकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे. तिसरा अभ्यास मुंबईतला, 2007 चा. गुडघ्याच्या 95 रुग्णांत या वेलीचा अर्क व पेरूचीच माका ही मुळी यांचे मिश्रण ग्लुकोसामाइनशी ताडून पाहिले. आठ आठवड्यांत दोन्ही गटांना आराम पडला. पण बिनऔषधी गट ठेवलेला नव्हता, शिवाय मिश्रणात कोणाचे श्रेय किती हे सांगता येत नाही. त्यामुळे या वेलीच्या बाजूने पुरावा म्हणून तो लंगडा आहे.

प्रयोगशाळेत सालीचा अर्क टीएनएफ-अल्फा या दाह भडकवणाऱ्या प्रथिनाची निर्मिती रोखतो, असे 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून दिसून आले. आमवातावरची अनेक महागडी आधुनिक इंजेक्शने याच प्रथिनाला लक्ष्य करतात, म्हणून या शोधाचा गाजावाजा बराच झाला. पुढे 2002 मध्ये एक अडचणीची गोष्ट निघाली : अर्काचा दाहशामक गुण अल्कलॉइडांच्या प्रमाणावर अवलंबून नाही. कमी अल्कलॉइडे असलेली गायनेन्सिस टोमेंटोसाच्या तोडीस तोड ठरली. म्हणजे ज्या घटकांच्या टक्केवारीवर बाटलीची किंमत ठरते, तेच घटक सांध्यांवर काम करतात असे धरून चालता येत नाही. क्विनोव्हिक आम्लाची ग्लायकोसाइडे व पॉलिफेनॉले यांचाही वाटा असावा. प्रमाणीकरणाचा हा प्रश्न मिटल्याशिवाय एका कंपनीच्या अर्काचा निकाल दुसऱ्या कंपनीच्या भुकटीला लावणे हा शुद्ध व्यापार आहे.

तरीही औषधाला अधिकृत मान्यता मिळत गेली. जागतिक आरोग्य संघटनेने निवडक औषधी वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात या सालीवर स्वतंत्र प्रकरण दिले आहे. ब्राझीलच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील आवश्यक औषधांच्या यादीत निवडक वनौषधींमध्ये तिचा समावेश असून झिजेच्या संधिवातात व आमवातात पूरक उपचार म्हणून ती दिली जाते. अमेरिकेत ती औषध म्हणून नव्हे, आहारपूरक म्हणून विकली जाते.

मागणी वाढली तशी वेलीवर कुऱ्हाड पडली. पूर्वी मुळांची साल अधिक गुणकारी मानत, पण मूळ खणले की वेल मरते. जमिनीपासून थोडे वर खोड कापून फक्त खोडाची साल घेतली तर बुंध्याला पुन्हा फुटवे येतात. म्हणून आता हीच पद्धत सुचवली जाते.

पेरूतील इकितोस शहराच्या बेलेन बाजारात या सालीच्या शेजारी सांधेदुखीवरचे इतर उपायही मांडलेले असतात. चुचुआसी या उंच झाडाची तांबूस साल उसाच्या दारूत मुरवून पितात. तिचे कुल आपल्या माळकांगणीचे, आणि माळकांगणीचे तेलही सांध्यांनाच चोळले जाते. कोपाइबाच्या खोडाला भोक पाडून काढलेले राळयुक्त तेल दुखऱ्या जागी चोळतात. त्यात बीटा-कॅरिओफिलीन भरपूर असते, पण खाद्यतेलाची भेसळही सर्रास होते. इशांगा या खाजऱ्या पानांच्या झुडपाचे फटके सांध्यावर मारण्याची रीतही आहे. माणसांवरच्या चाचण्यांच्या बाबतीत या तिन्ही वनस्पती उन्या दे गातोच्या बऱ्याच मागे आहेत.

उन्या दे गातोच्या सेवनाने मळमळ, जुलाब, डोकेदुखी व चक्कर हे त्रास होऊ शकतात. ल्यूपसच्या एका रुग्णाचे मूत्रपिंड अचानक निकामी झाल्याची नोंद आहे. यकृतातील ज्या विकरामुळे अनेक औषधांचा निचरा होतो, त्याला ही साल अटकाव करू शकते. यकृताचा सिरोसिस असलेल्या एका एचआयव्हीबाधित रुग्णाच्या रक्तात त्यामुळे त्याच्या औषधांची पातळी वाढल्याचे 2008 मध्ये नोंदवले गेले. अशानिंका स्त्रिया हिचा उपयोग गर्भनिरोधक म्हणूनही करत आल्या आहेत. त्यामुळे गर्भवतींनी व मूल हवे असणाऱ्या स्त्रियांनी ती घेऊ नये. अवयवरोपण झालेल्यांनीही ती टाळावी. रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये आणि आमवाताच्या रुग्णाने हिच्या भरवशावर मेथोट्रेक्झेटसारखे चालू औषध बंद करू नये.