लॅबमधला हिरा आणि मेहर

निकाहच्या खरेदीत सराफ हल्ली लॅब-ग्रोन हिऱ्याची अंगठीही पुढे ठेवतो. हा हिरा नकली नाही, खाणीतल्यासारखाच कार्बनचा. १९५४ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकने प्रचंड दाब आणि उष्णता देऊन तो बनवला. सीव्हीडी पद्धतीत मिथेन वायूतला कार्बन हिऱ्याच्या पातळ चकतीवर थराथराने वाढवतात. शेजारच्या सुरतेत हे काम जोरात आहे. मॉइसनाइट मात्र वेगळा खडा, सिलिकॉन कार्बाइडचा. साध्या हीट टेस्टरवर तोही हिरा म्हणून पास होतो, तेव्हा जपून!

लॅबचा आणि खाणीचा हिरा नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही. लॅबचा बराच स्वस्त, पण विकायला गेलो की हातात फार थोडं पडतं. मेहर हा बायकोचा हक्क, तिच्या अडीअडचणीचा आधार. म्हणून आम्ही म्हणतो, अंगठी हौसेने द्या, मेहर सोन्यात किंवा रोख ठरवा. अंगठीच मेहरात धरायची असेल तर खडा लॅबचा आहे हे मुलीकडच्यांना आधी सांगा. पावतीवरही तसं लिहून घ्या. हॉलमार्क फक्त सोन्याची खात्री देतो, खड्याची नाही. जकातीचं म्हणाल तर हनफी मतानुसार वापरातल्या खड्यावर ती नाही. निसाब पूर्ण होत असेल तर सोन्यावर आहे.