सर्पगंधेची मुळी आणि रक्तदाबाचें माप

ता. १२ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट हे जॉर्जिया संस्थानांतील वॉर्म स्प्रिंग्ज या गांवीं बसल्या जागीं बेशुद्ध झाले आणि कांहीं तासांतच वारले. मेंदूंतील रक्तवाहिनी फुटली होती. त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. ब्रुएन यांनीं त्या दुपारीं रक्तदाब मोजला, तो वरचा ३०० आणि खालचा १९० भरला. दाब कांहीं त्याच दिवशीं वाढला नव्हता. मार्च १९४४ मध्यें ब्रुएन यांनीं त्यांना प्रथम तपासलें तेव्हांही तो १८६ व १०८ होता. एवढ्या सामर्थ्यवान पुरुषाला त्या वेळचें वैद्यक काय देऊं शकलें? विश्रांति, कमी मिठाचें जेवण, सिगारेटी कमी करण्याचा उपदेश, आणि थकलेल्या हृदयासाठीं डिजिटॅलिस. दाबच उतरवील असें भरंवशाचें औषध डॉक्टरांच्या पेटींत नव्हतें.

नव्हतें, आणि तें असावें कीं नाहीं याविषयींही एकमत नव्हतें. ज्याचें कारण सांपडत नाहीं अशा वाढलेल्या दाबाला पाश्चात्य वैद्यकानें 'इसेन्शियल' हें विशेषण लावलें. पुष्कळ डॉक्टर त्याचा अर्थ 'आवश्यक' असाच घेत. कठीण झालेल्या नलिकांतून रक्त पुढें लोटावें म्हणून शरीर स्वतःच दाब वाढवितें, तेव्हां तो उतरविणें म्हणजे शरीराशीं वैर करणें, असा हा युक्तिवाद. दुसऱ्या टोकाला कांहीं शस्त्रवैद्य रोग्याच्या पाठींतील मज्जातंतु कापून टाकीत, तर डॉ. केंप्नर रोग्यांना केवळ भात, फळें व साखर यांवर ठेवीत. उपाय जितके कठोर तितकें त्यांमागील अज्ञान मोठें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

याच दशकांत मुंबईच्या परळ भागांत एक पारशी डॉक्टर आपल्या रोग्यांना एका देशी झुडपाची वाळलेली मुळी देऊन त्यांच्या दाबाची टिपणें करीत होते. त्यांची कथा सांगण्यापूर्वीं या मुळीची हकीकत सांगितली पाहिजे.

सर्पगंधा, मराठींत अडकई, हें हात-दीड हात उंचीचें साधें झुडूप. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत सर्पगंधेचें नांव येतें तें मुख्यतः विषावरील औषधांत. गोव्यांत १५६३ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें सिंहलद्वीपांतील एका मुळीचें वर्णन केलें आहे. सापाशीं झुंजणारें मुंगूस तिचा आश्रय घेतें अशी तेथील समजूत त्यानें नोंदविली. ती मुळी सर्पगंधेचीच असावी, असें कित्येक अभ्यासक मानितात. बिहारकडे हीच मुळी 'पागल की दवा' म्हणून विकली जात असे. शास्त्रीय नांवांत मात्र ज्याचें स्मरण आहे तो ऑग्सबुर्गचा वैद्य राउवोल्फ बगदादपर्यंत येऊन परत गेला. हिंदुस्थान त्यानें पाहिलाही नाहीं. नामकरणाच्या शास्त्रांत अशा गमती पुष्कळ आढळतात.

आतां येथें आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकूं येतें: रक्तदाबावरील हें औषध आमच्या पूर्वजांना हजारों वर्षांपूर्वीं ठाऊक होतें. हें वाक्य अभिमानानें उच्चारलें जातें, पण तें टिकणारें नाहीं. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची रीत इटलींतील रिव्हा-रोची यानें १८९६ सालीं दिली. त्या पट्ट्याखालीं नाडीचे ध्वनि ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे काढण्याची युक्ति रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यानें १९०५ सालीं सांगितली. जी गोष्ट कोणाला मोजतां येत नव्हती तिच्यावरील औषध कोणाला कसें ठाऊक असणार? पूर्वजांना ठाऊक होतें तें हें कीं ही मुळी दिल्यानें खवळलेला मनुष्य शांत होतो आणि त्याला झोंप लागते. तेंही ज्ञान लहान नव्हे. परंतु जें त्यांनीं कमाविलें त्याचेंच श्रेय त्यांना द्यावें. जें त्यांच्या हातीं नव्हतें तें त्यांच्या पदरीं बांधल्यानें त्यांचा मान वाढत नाहीं, आणि ज्यांनीं खरोखर श्रम केले त्यांचा मात्र विसर पडतो.

ते श्रम १९३१ सालापासून दिसूं लागतात. त्या वर्षीं कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर ही मुळी उपयोगी पडते असें प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनीं मुळींतील कांहीं अल्कलॉइडें वेगळीं काढलीं व एकाला संस्थेचे दिवंगत प्रवर्तक हकीम अजमलखान यांच्या नांवावरून 'अजमलीन' म्हटलें. १९३३ सालीं कर्नल चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं तिच्या गुणधर्मांचा अभ्यास पुढें नेला. तथापि देशाबाहेर याचा फारसा गवगवा झाला नाहीं.

तो झाला रुस्तुम जाल वकील यांच्यामुळें. लंडनला शिकून आलेले वकील परळच्या राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयांत, म्हणजे आपल्या के. ई. एम. मध्यें, हृदयरोग पाहत. १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें त्यांनीं पन्नास रोग्यांचा वृत्तांत दिला. त्यांनीं मुळी शोधली नव्हती, पट्टाही शोधला नव्हता. दोहोंची गांठ त्यांनीं रोग्याच्या खाटेपाशीं घातली आणि निष्कर्ष अशा ठिकाणीं छापले कीं जेथें जगाला ते वाचावेच लागले. बोस्टनचे डॉ. विल्किन्स यांनीं मुळी मागवून आपल्या रोग्यांवर अनुभव घेतला. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें तिच्यांतील मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपांत मिळालें, तेंच रेसर्पीन. १९५४ सालीं न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनीं तें मनोरुग्णांना देऊन पाहिलें, म्हणजे बिहारच्या बाजारांतील जुन्या नांवाचीच ही परीक्षा झाली. १९५७ सालीं वकील व क्लाइन या दोघांनाही अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें.

परंतु जें माप गुण दाखवितें तेंच दोषही दाखवितें. दाब उतरे, पण नाक चोंदे आणि सुस्ती येई. शिवाय मोठ्या मात्रेंत औषध घेणारे कांहीं रोगी खोल विषण्णतेंत बुडाल्याचे वृत्तांत येऊं लागले. या वृत्तांतांना किती वजन द्यावें याविषयीं पुढें वाद झाला, तरी औषधाला त्याचा डाग लागला तो लागलाच. त्यांतूनच एक अनपेक्षित लाभ मात्र झाला. रेसर्पीन मेंदूंतील कांहीं द्रव्यांचा सांठा रिता करितें असें दिसून आलें. १९५७ सालीं स्वीडनच्या आर्व्हिद कार्लसन यांनीं रेसर्पीननें निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हालतें केलें. कंपवातावरील आधुनिक उपचाराचा उगम येथें आहे. कार्लसन यांना २००० सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

राहिला मूळ प्रश्न. पट्ट्यावरील आंकडा उतरला, म्हणून मनुष्य वांचतो काय? याचें उत्तर मुंबईच्या पन्नास रोग्यांच्या वृत्तांतांतून मिळणें शक्य नव्हतें. तें १९६७ सालीं अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आलें. डॉ. फ्राइस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ज्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता अशा १४३ पुरुषांच्या दोन तुकड्या केल्या. एकीला औषध दिलें, दुसरीला तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या. निर्गुण गोळ्या घेणाऱ्या ७० जणांत २७ वेळां मृत्यु किंवा गंभीर उपद्रव झाला. औषध घेणाऱ्या ७३ जणांत दोनदां, आणि त्यांत मृत्यु एकही नाहीं. त्या उपचारांत तीन औषधें होतीं व त्यांपैकीं एक रेसर्पीन. पुढें सुधारलेलीं औषधें आलीं आणि तें मागें पडलें. वकील १९७४ सालीं वारले. १९६७ चा हा निकाल त्यांच्या हयातींतच लागला होता.