बिल्ला गेला, आता गाडीची ओळख कोण ठेवणार?

मागच्या पावसाळ्यात आमच्या धरमपेठेतल्या गल्लीतून एक ई-सायकल चोरीला गेली. आमच्याकडे आणि शेजारच्या दोन घरी पोळ्या करायला येणाऱ्या ताईंची. हप्त्यावर घेतलेली, सात हप्ते बाकी. फाटकाच्या आत उभी होती, मागच्या चाकाला वायरचं कुलूप होतं. कापलेलं कुलूप तिथेच पडलेलं सापडलं.

मी ताईंसोबत तक्रार द्यायला गेलो. पहिलाच प्रश्न, "गाडी नंबर?" ताई म्हणाल्या, "नंबरच नाही ना साहेब तिले!" बिल दाखवलं, तर दुकानदाराने त्यावर एवढंच लिहिलेलं : ई-सायकल, १ नग, काळा रंग. महिन्याभराने जप्त केलेल्या गाड्या पाहायला बोलावलं. तिथे तशाच तीन काळ्या ई-सायकली उभ्या. ताई एकीच्या हँडलवरून हात फिरवत म्हणाल्या, "हेच वाटून राहिली मले." पण वाटण्यावर गाडी मिळत नाही. आम्ही रिकाम्या हाताने परत आलो.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. चोरीपासून वाहन वाचवायचा इतिहास खरं तर दोन गोष्टींचा आहे : एक कुलूप, दुसरी ओळख. कुलपाकडे आपण भरपूर लक्ष दिलं. ओळख मात्र मध्येच कुठेतरी हरवली.

आधी कुलूप. आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला. १९५४ मध्ये आलेलं त्यांचं 'नवताल' तर घरोघरी पोचलं. सायकलला मात्र मागच्या चाकाभोवतीचं गोल कुलूपच असायचं, ती छोटीशी किल्ली खिशात हरवायची तेच. ते चाक फिरू देत नाही, एवढंच. सायकल उचलून खांद्यावर टाकली की कुलूपही सोबत जातं.

अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजी यू अक्षरासारखं पोलादी कुलूप आलं, क्रिप्टोनाइट कंपनीचं. कंपनीने न्यूयॉर्कमध्ये एक सायकल खांबाला बांधून महिनाभर ठेवली. कुलूप टिकलं, पण जे सुटण्यासारखं होतं ते सगळं चोरांनी सोडवून नेलं होतं. आजच्या ई-सायकलवाल्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण त्याच्या गाडीतली सुटण्यासारखी वस्तू म्हणजे बॅटरी, आणि गाडीतला एक सर्वात महाग भागही तोच. पुढे २००४ मध्ये त्याच कंपनीची गोल किल्लीची कुलपं साध्या बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीने उघडतात हे जगाने पाहिलं. कंपनीला कुलपं बदलून द्यावी लागली. पोलाद पक्कं होतं, किल्लीचं भोक कच्चं निघालं. म्हणजे कुलूप चोराचा वेळ खातं. त्यापुढे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

आता ओळख. पन्नाशी ओलांडलेल्यांना सायकलचा बिल्ला आठवत असेल. आपल्याकडच्या अनेक नगरपालिका सायकलवर वार्षिक कर घेत आणि नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला देत. बिल्ला नसला की दंड. माझे वडील दरवर्षी त्यावरून कुरकुरायचे. हेतू वसुलीचा होता, चोर पकडण्याचा नव्हता. तरी गरिबातल्या गरिबाच्या सायकलला एक नंबर होता आणि पावती घरात असायची. हा कर गेला तेव्हा कोणालाच वाईट वाटलं नाही. मलाही नाही.

मोटारगाड्यांची ओळख मात्र पक्की होत गेली. १९३९ चा मोटार वाहन कायदा, मग १९८८ चा. १९७२ मध्ये लुना आली. पायडलही आणि इंजिनही, म्हणजे आजच्या ई-सायकलची मावशीच म्हणा ना. पण लुनाला नंबर होता. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना होलोग्रामवाली, लेझरने क्रमांक कोरलेली, सहज न निघणारी प्लेट सक्तीची झाली. जुन्या गाड्यांच्या प्लेटसाठी २०२५ मध्ये मुदतवाढीवर मुदतवाढ मिळाली, ते आपण सगळ्यांनी भोगलंच आहे.

आणि इथेच फट राहिली. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी बॅटरीची दुचाकी मोटार वाहन धरली जात नाही. नोंदणी नको, लायसन्स नको, विमाही सक्तीचा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपले खासदार गडकरी साहेबांच्या हस्ते ई-लुना आली, ती जास्त वेगाची, म्हणून तिला नंबर आहे. ताईंची गाडी हळू, म्हणून तिला नाही. सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण हजारोंच्या घरात किंमत असलेली ही गाडी ओळखीच्या बाबतीत बिल्ल्याच्या काळातल्या सायकलच्याही मागे पडली.

"अलार्म लावा ना मग!" असं बरेच जण म्हणतात. लावा. हात लागला की कोकलणारा, चाक जाम करणारा अलार्म उपयोगी आहेच. पण अलार्म ऐकून कोणीतरी बाहेर यावं लागतं. धरमपेठेत बंगले होते तेव्हा संध्याकाळी व्हरांड्यात माणसं बसलेली असत. आता बंगल्यांच्या जागी फ्लॅट आले, खाली पार्किंग, वर एसी. मांजरीच्या धक्क्याने चार वेळा अलार्म वाजला की पाचव्यांदा कोणी खिडकीही उघडत नाही. त्या दिवशी वाजला असता तर मी उठलो असतो का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

जपानमध्ये १९९४ पासून सायकलची चोरीविरोधी नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. दुकानातच नोंद होते, फ्रेमवर स्टिकर लागतं, सापडलेली सायकल कोणाची ते पोलिसांना कळतं. कर नाही, दरवर्षीची रांग नाही. आपल्या महापालिकेने आणि पोलिसांनी मिळून असं ऐच्छिक रजिस्टर सुरू करायला काय हरकत आहे? किमान दुकानदारांनी बिलावर फ्रेम नंबर लिहिलाच पाहिजे, एवढं तरी.

तोवर आपलं काम आपण करायचं. फ्रेम नंबर बहुतेकदा पायडलच्या दांड्याखाली कोरलेला असतो. तो, मोटरचा आणि बॅटरीचा नंबर लिहून फोटो काढा, बिलासोबत ठेवा. गाडीची फ्रेम पक्क्या खांबाला बांधा, नुसतं चाक नको. बॅटरी रात्री घरात न्या. चोरी झालीच तर तक्रारीत हे नंबर घालायला लावा. जप्त वाहनं ठाण्यात सडवत ठेवू नका, रीतसर पंचनामा करून लवकर सोडा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलं आहे. पण सुपुर्दनाम्यावर गाडी मिळवायची तर ती तुमची आहे हे आधी दाखवावं लागतं.

आणि फक्त स्वतःची गाडी पाहू नका. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई, दूधवाले दादा, वॉचमन काका यांच्या गाडीचाही नंबर आज लिहून द्या. पाच मिनिटांचं काम आहे. आम्ही ते वेळेवर केलं नाही. ताई आता गोकुळपेठेतून पायी येतात, आणि न राहिलेल्या गाडीचे हप्ते अजून भरून राहिल्या आहेत.